आजीच्या हातातलं काम काढून घेऊ नका



वस्तीत रक्तदाब तपासायला गेलो की घरोघरी एक वाक्य कानावर येतं, "आईला काही कमी नाही हो ताई. काडीलासुद्धा हात लावू देत नाही आम्ही." सांगणाऱ्या मुलाच्या, सुनेच्या आवाजात माया असते. आणि आई कोपऱ्यातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर. तरी झोप लागत नाही, घास उतरत नाही, आणि "आता कशाला जगायचं" हे पालुपद सुटत नाही.

अशाच एका घरात काही वर्षांपूर्वी आमच्या हातून चूक झाली. आजींना गावाहून मुलाकडे आणलं होतं. येताना शेळ्या विकल्या, पण एक तलंग त्यांनी हट्टाने टोपलीत घालून आणली. ती खाटेखाली बसायची. घरात दम्याचं लेकरू होतं. आम्ही नर्सच्या नजरेनं पाहिलं आणि सांगितलं, "ही घाण आधी घराबाहेर काढा." घरच्यांनी त्याच आठवड्यात तलंग विकली. लेकराच्या छातीसाठी सल्ला बरोबर होता. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आजींनी अंथरूण धरलं होतं. तपासलं, ताप नाही, साखर ठीक. सून म्हणाली, "कोंबडी गेली तशा त्या उठल्याच नाहीत." दाराबाहेर खुराडं करून कोंबडी तिथे ठेवता आली असती. ते आम्हाला सुचलं नाही, कारण आम्ही लेकराचा दमा पाहिला, आजीचं एकटेपण पाहिलं नाही.

त्यानंतर आम्ही या विषयावर वाचू लागलो. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

गेट्सहेडच्या कोंबड्या

इंग्लंडच्या ईशान्य भागात गेट्सहेड नावाचं शहर आहे. तिथे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या एका निवासात एक आजोबा सारखी बायकांची नावं घ्यायचे. या कुणी नात्यातल्या असतील, असं कर्मचाऱ्यांना वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, ती त्यांच्या कोंबड्यांची नावं होती! मग निवासात कोंबड्या आणल्या. यातूनच तिथल्या 'इक्वल आर्ट्स' या संस्थेचं 'हेनपॉवर' हे काम उभं राहिलं.

या कामात कोंबड्या म्हाताऱ्या माणसांच्या स्वाधीन केल्या जातात. दाणा-पाणी करायचं, खुराडं झाडायचं, अंडी गोळा करायची. ज्यांना चालता येत नाही, ते कोंबडी मांडीवर घेऊन बसतात. काही जण कोंबड्या घेऊन शाळांमध्ये आणि दुसऱ्या वृद्धनिवासांमध्ये जातात. इंग्रजीत कोंबडीला 'हेन' आणि निवृत्त माणसाला 'पेन्शनर' म्हणतात, म्हणून यांचं नाव पडलं 'हेन्शनर'. कालपर्यंत ज्यांना दुसरे भेटायला यायचे, ते आता स्वतः दुसऱ्यांना भेटायला निघाले.

गोळ्या निम्म्यावर आल्या

याच्याही आधी, १९९१ साली, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात न्यू बर्लिन या छोट्या गावी असाच प्रयोग झाला होता. चेस मेमोरियल या शुश्रूषागृहात सुमारे ८० वृद्ध राहत होते. तिथे नवे आलेले तरुण डॉक्टर बिल थॉमस यांना दिसलं की औषधं चालू असूनही माणसं कोमेजत आहेत. त्यांनी तीन दुखणी ओळखली : कंटाळा, एकटेपणा आणि हतबलता. मग त्यांनी २ कुत्रे, ४ मांजरं, १०० पोपटवर्गीय पक्षी, शिवाय ससे आणि अंडी देणाऱ्या कोंबड्या आणल्या. खोल्यांमध्ये झाडं ठेवली, बागेत भाजीपाला लावला, लहान मुलांचं येणं-जाणं सुरू केलं.

सुरुवातीला गोंधळ झाला. पक्षी आले, पण पिंजरे जोडलेले नव्हते. कुत्र्याने केलेली घाण कोणी पुसायची, यावर कुरबूर झाली. हे आम्हा नर्सना वेगळं सांगायला नको! पण जे स्वतःच्या पायाने कुठे जात नव्हते, ते परिचारिकांकडे येऊन म्हणू लागले, "कुत्र्याला मी फिरवून आणतो."

दोन वर्षं दुसऱ्या एका शुश्रूषागृहाशी तुलना केली गेली. माणशी लागणारी औषधं त्या दुसऱ्या घराच्या निम्म्यावर आली. मन शांत ठेवण्यासाठी द्यायची औषधं विशेष कमी झाली. औषधांचा खर्च तिथल्या ३८ टक्केच राहिला. मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. आपण तपासून घेणारी माणसं आहोत, म्हणून हेही सांगतो : हा अभ्यास एका घराचा आहे आणि तिथे प्राण्यांबरोबर झाडं आणि मुलंही होती. सगळं श्रेय कोंबड्यांना देता येणार नाही.

ही हकीकत जगभर पोचवली डॉ. अतुल गावंडे यांनी 'बीइंग मॉर्टल' या २०१४ च्या पुस्तकात. त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्यांचे आजोबा शंभरी ओलांडेपर्यंत रोज रात्री घोड्यावर बसून शेताची पाहणी करत. घरच्यांनी त्यांना घरी बसवलं नाही, उलट लहान चणीचा घोडा आणून दिला. आपल्यातल्या बहुतेकांच्या आजोबांकडे शेत नव्हतं, घोडा तर नव्हताच. पण रोज कुणीतरी आपली वाट पाहतं, ही भावना द्यायला सातबारा लागत नाही.

असं का होतं?

कोंबडीला दाणे टाकायचे म्हणजे उठावं लागतं, चार पावलं चालावं लागतं. सांधे हलतात, भूक लागते. सकाळचं ऊन अंगावर पडलं की रात्रीची झोप सुधारते. ऊबदार जिवाला हात लावला की मन निवतं. स्मृतिभ्रंशात कालचं जेवण आठवत नाही, पण लहानपणापासून हाताला असलेली सवय बराच काळ टिकते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ज्याला सगळे सांभाळतात त्यालाही कुणाला तरी सांभाळायला मिळतं.

आधी विचारा

आपल्या समाजात एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या वाट्याला जनावर आलं ते मेलेलं ओढण्यासाठी, नाहीतर दुसऱ्याचा गोठा झाडण्यासाठी. ती लादलेली कामं आणि मृत जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं. ज्या आजोबांच्या मनात ती जखम आहे, त्यांना जनावर म्हणजे विरंगुळा वाटेलच असं नाही. म्हणून कोणतंही काम लादू नका. "तुम्हाला काय सांभाळायला आवडेल?" असं विचारा. कुणी शेळी म्हणेल, कुणी कढीपत्त्याची कुंडी, कुणी विहारातली पुस्तकं. निवड त्यांची असू द्या.

काय सांभाळायचं?

१. कोंबडी राहत्या, झोपायच्या खोलीत ठेवू नका. बाहेर खुराडं करा. दमा, क्षय किंवा छातीचा आजार असलेल्यांनी खुराडं झाडू नये. दुसऱ्याने नाकाला फडकं बांधून, पाणी शिंपडून झाडावं.

२. कोंबडी, शेळी, अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. अंडी पूर्ण शिजवून आणि शेळीचं दूध उकळूनच घ्या.

३. कोंबड्या अचानक मरू लागल्या तर उघड्या हाताने उचलू नका, खाऊही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

४. मधुमेहींनी पायात चप्पल घालावी. उघड्या जखमेला जनावराचा स्पर्श नको. कॅन्सरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

५. प्राणी पायात येऊन म्हातारं माणूस पडू शकतं. कमरेचं हाड मोडणं फार महागात पडतं. दाणे बसूनच टाकू द्या.

६. कुत्रा-मांजर असेल तर रेबीजची लस टोचून घ्या. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

७. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. चिमण्यांसाठी वाटीभर पाणी आणि मूठभर दाणे ठेवणंही पुरेसं आहे.

आपली खोली दहा बाय दहाची, कोंबडी ठेवणार कुठे? शेजाऱ्याची शेळी असेल तर आजींना रोज पाला घेऊन तिथपर्यंत जाऊ द्या. तेही नसेल तर कुंडी द्या, लसूण सोलायला द्या, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडायला द्या. काम छोटं असो, पण खरं असावं आणि रोजचं असावं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं?

माणूस एकाएकी बरळू लागलं, फार झोपू लागलं, तोंड वाकडं झालं किंवा हातातली शक्ती गेली, तर एकटेपणा समजून थांबू नका. त्याच क्षणी दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांहून जास्त उदासी असेल, मरणाचं बोलणं असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली, हे आपण विहारात ऐकतो आणि आईवडिलांची सेवा करतो. पण करुणा करायचा हक्क त्यांनाही आहे. तो सेवेच्या नावाखाली काढून घेऊ नका.

त्या आजींच्या दाराबाहेर पुढे खुराडं झालं. तलंग दुसरी होती. आजी पहिल्यासारख्या झाल्या असं आम्ही म्हणणार नाही, पण सकाळी दाणे टाकायला त्या उठू लागल्या.

जय भीम! नमो बुद्धाय!