परक्या घड्याळावर चालणारा युरोप

अनोळखी शहरात पत्ता शोधताना आपण भ्रमणध्वनी हाती घेतो आणि पडद्यावरचा निळा ठिपका नेईल तिकडे निःशंकपणे चालू लागतो. तो ठिपका आपल्याला कोण दाखवतो, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. युरोपातील राष्ट्रांना मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस तो तीव्रतेने जाणवला. प्रस्तुत पाठात त्या प्रश्नाची आणि त्यावर शोधलेल्या उत्तरांची ओळख करून घ्यावयाची आहे.

जमिनीपासून वीस हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर फिरणारे हे उपग्रह खरे तर मार्ग दाखवीत नाहीत; ते केवळ वेळ सांगतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रहाचा संकेत आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती अवधी लागला, यावरून अंतर निघते. अशा चार उपग्रहांची अंतरे हाती आली की आपले स्थान निश्चित होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असल्यामुळे सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकही भूमीवर ३०० मीटरची होते. बँकांचे व्यवहार, दूरध्वनीचे जाळे आणि वीजपुरवठा यांनाही हीच अचूक वेळ लागते.

ही वेळ पुरविणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची आहे. सर्वसामान्यांसाठीच्या संकेतात पूर्वी मुद्दाम भेसळ केली जाई, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुके. मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ थांबविली. जगाला आनंद झाला. पण ज्याने ती थांबविली, तो ती पुन्हा सुरूही करू शकत होता.

युरोपने स्वतःच्या यंत्रणेचा विचार १९९९ मध्येच मांडला होता. तिला नाव मिळाले ‘गॅलिलिओ’. हे नाव समर्पकच म्हटले पाहिजे, कारण गुरूच्या चंद्रांची ग्रहणे म्हणजे आकाशातील घड्याळ आणि त्यावरून समुद्रात रेखांश काढता येईल, अशी कल्पना त्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडली होती. अमेरिकेला हा बेत रुचला नाही. डिसेंबर २००१ मध्ये तिच्या संरक्षण उपमंत्र्यांनी युरोपीय संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून चिंता कळविली. तरीही मार्च २००२ मध्ये युरोपीय संघाने योजनेला मान्यता दिली आणि २००४ मध्ये दोन्ही यंत्रणा परस्परांना पूरक राहतील, असा करार झाला.

पुढची वाट सोपी नव्हती. खर्चाचा भार उचलण्यास पुढे आलेल्या खासगी कंपन्यांशी २००७ मध्ये बोलणी फिसकटली आणि सगळा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. ऑगस्ट २०१४ मध्ये दोन उपग्रह चुकीच्या कक्षेत गेले. डिसेंबर २०१६ मध्ये प्रारंभिक सेवा सुरू झाली. जानेवारी २०१७ मध्ये काही अणुघड्याळे बंद पडल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास भारताच्या ‘नाविक’ प्रणालीतील पहिल्या उपग्रहाची तिन्ही घड्याळे थांबली. दोन्ही यंत्रणांतील रुबिडियम घड्याळे स्वित्झर्लंडमधील एकाच कंपनीची होती! भारताने मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात स्वदेशी अणुघड्याळ बसविले.

जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा जवळजवळ आठवडाभर खंडित झाली. गंमत अशी, की बहुतेकांना ते कळलेच नाही; त्यांचे भ्रमणध्वनी मुकाट्याने जीपीएसवर चालत राहिले. याहून मोठा विरोधाभास पुढे घडला. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाची सोयूझ अग्निबाणे मिळेनाशी झाली आणि युरोपचे स्वतःचे एरियान-६ अद्याप तयार नव्हते. तेव्हा अमेरिकेपासून स्वतंत्र होण्यासाठी घडविलेले उपग्रह २०२४ मध्ये दोनदा फ्लोरिडाहून, अमेरिकी फाल्कन-९ अग्निबाणाने आकाशात पाठवावे लागले.

आकाशातून आता कचेरीत येऊ. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टची प्रणाली सोडून मुक्त लिनक्स प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले. तेव्हा त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटावयास आले होते. दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. परंतु कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, बाहेरून आलेली कागदपत्रे नीट उघडेनात, नगरपालिकेतील राजकारणही पालटले आणि २०१७ मध्ये माघारीचा निर्णय झाला. याला निव्वळ पराभव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. यंत्र बदलता येते. हाताला जडलेली सवय आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी चालणारा पत्रव्यवहार एकट्याने बदलता येत नाही.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. युनिकोडपूर्वी आपले मजकूर ज्या टंकांत जुळविले जात, त्या प्रत्येकाची सांकेतिक रचना निराळी होती. अशा एका जुन्या पुस्तकाची संगणकातील प्रत मी काही वर्षांनी उघडली, तेव्हा पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली. पुस्तक आमचे होते, किल्ली दुसऱ्याची.

जर्मनीच्याच श्लेस्विग-होलस्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर लिबरऑफिस वापरण्याचा निर्णय जाहीर केला. या साधनाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. त्याचे मूळ रूप जर्मनीतील ल्यूनेबर्ग येथे स्थापन झालेल्या एका कंपनीने तयार केले होते. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने ती विकत घेतली. पुढे त्याची संहिता सर्वांसाठी खुली झाली आणि २०१० मध्ये तिच्यातून लिबरऑफिस जन्मास आले. आज ते सांभाळणारी संस्था बर्लिनमध्ये आहे.

शब्दार्थ
भेसळ – येथे, हेतुपुरस्सर मिसळलेली चूक
संहिता – येथे, संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर
टंक – छपाईच्या अक्षरांचा संच

स्वाध्याय
१. उपग्रह ‘केवळ वेळ सांगतात’, असे लेखक का म्हणतो?
२. गॅलिलिओ यंत्रणेच्या वाटचालीतील कोणता विरोधाभास तुम्हांला सर्वांत बोलका वाटतो? सकारण लिहा.
३. ‘पुस्तक आमचे होते, किल्ली दुसऱ्याची’ या वाक्याचा म्युनिकच्या अनुभवाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
४. म्युनिकच्या माघारीविषयीचे लेखकाचे मत तुम्हांला पटते का? पाच-सहा वाक्यांत लिहा.