पंखा आधी, मोटर नंतर

आमचा ट्रॉलर ७५ सेंटिमीटरचा. हर्णै बंदरात लागतात तसल्या १५ मीटरच्या मासेमारी बोटीची विसाव्या हिश्शाची प्रतिकृती. प्लायवूडची, रिमोटवर चालणारी, सगळं सामान भरून साडेपाच किलोची. लाकूडकाम आठ महिन्यांत उरकलं. मोटर आणि बॅटरी जमायला पुढची दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत पैसे मोजून जे शिकलो, ते असं.

१. दुकानात जायच्या आधी पंखा ठरवावा. मी उलटं केलं. पुण्याच्या तपकीर गल्लीत ७७५ नंबरची मोटर दिसली. हाताला चांगली वजनदार, वर ‘१२ व्होल्ट, १२००० आरपीएम’ छापलेलं. घेतली. मग तिला शोभेलसा ४५ मिलिमीटरचा तीन पात्यांचा पितळी पंखा आणला. टेबलावर फिरवून पाहिली तर जेमतेम १ अँपिअर घेत होती, मी खूश. गावाबाहेरच्या पाझर तलावात सोडली तर नाळ वर, मागची बाजू पाण्यात, आणि मोटरचा आवाज दबलेला. काठावर एक तांडेलकाका उभे होते, हर्णैहून लेकीकडे पाहुणे आलेले. बोटीकडे न बघता, नुसतं ऐकून म्हणाले, “इंजिन गुदमरतंय रे. पंखा मोठा झालाय तुझा.” मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, खऱ्या बोटीचं शास्त्र या खेळण्याला कुठलं लागायला! चार मिनिटांत वार्निश जळाल्याचा वास आला.

शास्त्र तेच लागतं. फेरे तेवढेच ठेवले तरी मोटरवरचा भार पंख्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे ३५ मिलिमीटरच्या जागी ४५ चा पंखा लावला की भार साडेतीन पट. नवी मोटर बसवून बोट गच्चीवरच्या मोठ्या टबात दोरीने बांधली आणि मीटर लावला: १४ अँपिअर! टेबलावर १ घेणारी मोटरही अशीच होती. हवेतलं माप तेव्हापासून मी वहीत लिहीतच नाही. टबात बोट जागची हलत नाही, त्यामुळे आकडा तलावातल्यापेक्षा थोडा जास्तच येतो, येऊ दे.

२. किती वेग शोभतो, तेही आधीच बघावं. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीला टाकी बांधून जहाजांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढल्या होत्या. त्याच्या नियमाप्रमाणे प्रतिकृतीचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. खरा ट्रॉलर ८ नॉट्सने जात असेल तर विसाव्या हिश्शाच्या ट्रॉलरने ताशी ३.३ किलोमीटरने जावं. निवृत्त माणसाची संध्याकाळची फेरी साधारण याच चालीने होते. तेवढ्यात लाटाही खऱ्यासारख्या उठतात. त्याहून जोर लावला तर असली पोटाळी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते, नाळ उचलते आणि नुसती बॅटरी खाते.

३. मोटर न बदलता व्होल्ट उतरवून पाहावेत. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते, तशी फेरे उतरले की धाडकन उतरते. मी तीच ७७५ ठेवली, पंखा ३५ चा केला आणि १२ ऐवजी ६ व्होल्ट दिले. मीटरवर ३ अँपिअर. वीस मिनिटांनी मोटरवर बोट ठेवलं, सहज ठेवता आलं. चटका बसला तर काहीतरी चुकलंय, एवढी तपासणी मला पुरते. मोटरवर छापलेला आरपीएम बिनभाराचा असतो, हेही मला तेव्हाच कळलं. ब्रशलेस मोटरचा केव्हीही तसाच: एका व्होल्टला बिनभाराचे फेरे किती, एवढंच तो सांगतो. २००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर २२,२०० फेरे मारू बघते. शर्यतीच्या बोटीला ठीक. ट्रॉलरला काय करायचेत?

४. संथ बोटीत बॅटरी म्हणजे आधी वजन, मग वीज. पहिल्यांदा मी जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी उभी बसवली. दोन किलोंहून जास्त वजन, तेही उंचावर. वळताना बोट अशी कलायची की काठावर माझाच जीव वर. आता ६ व्होल्ट ४.५ एएचच्या दोन सीलबंद बॅटऱ्या, एकाच दिवशी घेतलेल्या, तळाशी आडव्या पडल्या आहेत, मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना, समांतर जोडून. शिशाचं वजन एरवी वेगळं भरावंच लागलं असतं. मात्र ४.५ एएच हा आकडा वीस तास हळूहळू वीज काढली तरचा असतो; तासा-दोन तासांत काढली तर बरीच कमी मिळते. पार रिकामी तर करूच नये.

५. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, माझ्या ट्रॉलरला नको, पण भाच्याच्या शर्यतीच्या बोटीला तीच हवी, आणि तिथे मामाचा शहाणपणा नडला. २२०० एमएएच गुणिले २५सी, म्हणजे ५५ अँपिअर देते, हा हिशोब मी बरोबर केला. पण स्पीड कंट्रोलर निकेलच्या बॅटरीवर सेट राहिला होता, त्यामुळे तो वेळेवर थांबलाच नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली गेले. दुसरी पूर्ण भरून कपाटात ठेवली, कारण जूनपासून बोट बंद. गणपतीत काढली तर पुरीसारखी फुगलेली! ठेवताना दर सेल ३.८ व्होल्टवर ठेवायचा. भाचा काही बोलला नाही. नवीन बॅटरीची किंमत तेवढी सांगितली.

आता चार्जिंग फरशीवर, मातीच्या कुंडीत, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं.

६. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. आमच्या तलावात जलपर्णी आहे. एकदा तिच्या मुळांनी पंखा धरला, मोटर जाम झाली, आणि कंट्रोलर काळा झाला. जाम झालेली मोटर चालू मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते. आता गाडीत असतो तसला १० अँपिअरचा फ्यूज आहे. गेल्या थंडीत दोनदा उडाला. दोन्ही वेळा बोट तलावाच्या मध्यावर होती, आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरावं लागलं.