ग्वायूले

मेक्सिको देशाचा उत्तर भाग व त्याला लागून असलेला टेक्सास प्रांत यांत चिहुआहुआ नावाचे विस्तीर्ण वाळवंट पसरले आहे. तेथे पाऊस थोडा आणि जमीन खडकाळ. अशा रूक्ष भूमीत गुडघ्याएवढे एक रानटी झुडूप वाढते. त्याची पाने रुपेरी करडी, फुले बारीक व पांढुरकी. वाटसरूने वळूनही पाहू नये, असे त्याचे रूप! या झुडपाचे नाव ग्वायूले. सूर्यफूल, शेवंती व झेंडू ही त्याच्याच कुळातील. आपल्या शेतांत माजणारे उपद्रवी गाजरगवत तर त्याचे अगदी जवळचे आप्त.

परंतु या दीनवाण्या झुडपात एक धन दडलेले असते. ते धन म्हणजे रबर. रबराच्या झाडाला चीर दिली की चीक वाहू लागतो. ग्वायूलेचे तसे नाही. त्याचे रबर साल व मुळे यांच्या सूक्ष्म पेशींत साठलेले असते. झुडूप दळून पाण्यात घोळवले म्हणजे लाकूड तळाशी बसते आणि रबर तरंगून वर येते. तेथील मूळ रहिवाशांना हे गुपित पूर्वीपासून ठाऊक होते. साल चावून चावून ते रबर वेगळे करीत.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया जिंकला आणि अमेरिकेला पूर्वेकडून मिळणारे रबर बंद झाले. विमानांना व मोटारींना टायर कोठून आणावयाचे? सरकारला ग्वायूलेची आठवण झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांना, काही अपराध नसताना, छावण्यांत डांबण्यात आले. कॅलिफोर्नियातील मॅन्झनार छावणीत अशाच काही बंदिवान शास्त्रज्ञांनी व माळ्यांनी ग्वायूलेची रोपे जोपासली. ज्या देशाने आपल्यावर अविश्वास दाखविला, त्याच देशाची नड भागविण्यासाठी ते राबले.

१९४५ मध्ये युद्ध संपले. कृत्रिम रबरही विपुल मिळू लागले. मग काय, गरज सरो, वैद्य मरो! हजारो एकर जमिनीवरील ग्वायूले नष्ट करण्यात आले.

रबराच्या झाडाच्या चिकातील प्रथिने काही लोकांना बाधतात. ग्वायूलेच्या रबरात ती जवळजवळ नसतात. म्हणून आज शास्त्रज्ञ या झुडपाकडे पुन्हा वळले आहेत.

झुडपाची पारख रूपावरून होत नाही, आणि माणसाची वंशावरून.