लग्नाचा केक : थाट आणि खिसा

वार्षिकासाठी अभ्यासपूर्ण लेख द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा माझ्या खाती एकच अभ्यास जमा होता, आणि त्याचा बराचसा भाग ग्रंथालयात नव्हे तर घरच्या ओटीवर झालेला होता. गेल्या मे महिन्यात माझ्या ताईचे लग्न झाले. आम्ही वसईचे ख्रिस्ती; आमच्याकडे स्वागतसमारंभात केक कापतात. मांडव, बॅण्ड, जेवण यांवर घरात एकमत झाले, पण केकवरून पंधरा दिवस वाद चालला. ताईने मोबाइलवर एक चित्र निवडून ठेवले होते : गोल तीन मजले, बटरचे पांढरेशुभ्र आयसिंग आणि वरपासून खालपर्यंत उतरत आलेली साखरेची गुलाबफुले. बेकरीवाल्याने त्याचे ३२,००० रुपये सांगितले. पप्पांनी बाजूला काढून ठेवले होते १५,०००.

बेकरीवाल्यानेच मग तोड सुचवली. खालचा मजला खरा ठेवा, वरचे दोन थर्माकोलचे. आयसिंगखाली कोणाला कळतेय? पप्पा एकदम उखडले. “सकाळी देवळात खरे वचन द्यायचे आणि संध्याकाळी मांडवात खोटा केक मांडायचा?” ताई उठून आत गेली. केक राहिला बाजूला, घरात बोलणेच बंद झाले.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालय गाठले. पाहतो तो, हा खोटेपणा बेकरीवाल्याने शोधलेला नव्हे. तो या प्रथेच्या माहेरचाच! पांढऱ्या केकची प्रतिष्ठा इंग्लंडात वाढली. तेथे शुभ्र साखर महाग, म्हणून केक जितका पांढरा तितके घर श्रीमंत. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंचा होता. १८५८ साली तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात उंच मजल्यांचा केक मांडला, पण त्याचे वरचे मजले नुसत्या साखरकामाचे होते. राजघराण्यातसुद्धा वरचे मजले खाण्याचे नव्हते, हे वाचून मला बरे वाटले.

याहून बोलका काळ दुसऱ्या महायुद्धाचा. साखरेचे रेशनिंग होते, आणि ऑगस्ट १९४० पासून ब्रिटनमध्ये केकवर साखरेचे आयसिंग चढवायला बंदी आली. मग लोकांनी काय करावे? पुठ्ठ्याचे किंवा प्लॅस्टरचे मजलेदार पांढरे टोपण भाड्याने आणावे आणि त्याखाली घरचा लहानसा साधा केक झाकून ठेवावा. फोटो झाला की टोपण उचलायचे! पुढे नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले तेव्हाही रेशनिंग चालूच होते. तिच्या ९ फूट उंच, ५०० पौंडी केकचे जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड्सनी पाठवले होते. आपल्याला ऑस्ट्रेलियातून कोणी काही पाठवणार नव्हते, तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

माझी समजूत अशी झाली आहे की केक निवडताना पहिला प्रश्न आकृतीचा नसतो. तोंडे किती, हा असतो. आमची तोंडे ३००. स्पंज केकची वडी साधारण १ इंच बाय २ इंच कापतात. सुक्या मेव्याचा केक जड असतो, त्याची १ इंच बाय १ इंच पुरते. आता ताईचे चित्र पाहा. १२, ९ आणि ६ इंच व्यासांचे तीन गोल. (कला शाखेत आल्यावर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुटले असे मी समजत होतो.) अनुक्रमे ११३, ६४ आणि २८, एकूण २०५ चौरस इंच. म्हणजे स्पंजच्या जेमतेम १०० वड्या! ३२,००० रुपये मोजूनही दोनशे माणसे कोरडीच. वरचा मजला डोळ्यांत भरतो, पण त्यात असते फक्त २८ चौरस इंच. उलट १२ इंचांचा चौकोनी केक घेतला तर १४४ चौरस इंच मिळतात; त्याच मापाच्या गोलापेक्षा सव्वापटीहून अधिक.

दुसरा प्रश्न ऋतूचा. वसईतला मे महिना, उघडा मांडव. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या सुमारास वितळते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी तेवढे तापमान असतेच. एका नात्यातल्या लग्नात वरचा मजला गुलाबांसकट हळूहळू कलंडताना मी पाहिला आहे. नवरदेवाने हात लावून धरला म्हणून फोटो तरी निघाला. लाटून चढवलेले फॉण्डण्ट उष्णतेला त्यामानाने टिकते, पण दमट हवेत घाम येऊन चिकट होते. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून केलेले रॉयल आयसिंग मात्र वाळून टणक होते. दात दुखू नयेत म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन घालतात. शिवाय सुक्या मेव्याचा केक घट्ट, त्यामुळे वरच्या मजल्याचा भार तो बराच सोसतो. स्पंजवर मजला चढवायचा तर आतून आधाराच्या काड्या घालाव्याच लागतात. मेव्याचा केक महिनाभर आधी भाजून, अधूनमधून रम पाजून ठेवला की उलट मुरतो. आधी भाजला म्हणजे लग्नाच्या आठवड्यातली धावपळही वाचते.

तिसरी गोष्ट नक्षीची. खरी किंमत साखरेच्या फुलांत असते. एकेक पाकळी हाताने लाटायची, वाकवायची, वाळवायची. महाग होते ती साखर नव्हे, मजुरी. खरी फुले स्वस्त, पण तीही जपून निवडावीत. कण्हेर दिसायला सुरेख, पण विषारी. बाजारच्या फुलांवर औषध फवारलेले असण्याचा संभव. फुले केकच्या अंगाला न लावता तबकाभोवती मांडावीत, हे उत्तम.

हा सगळा हिशेब मी रात्री जेवताना मांडला. १२ इंची चौकोन १४४, त्यावर ९ इंची चौकोन ८१, आणि स्वयंपाकघरात १२ बाय ८ चा एक साधा, नक्षीविना केक ९६. बेरीज ३२१. दोन्ही मजले खरे, मेव्याचे. आतला केक कोणी पाहणार नाही. तो फक्त कापून ताटांतून फिरवायचा. पप्पांनी विचारले, “आतलासुद्धा खराच ना?” मी म्हटले, “त्याच घाण्यातला.” ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच अट घातली : तिसरा मजला गेला तरी हरकत नाही, पण एक तरी साखरेचा गुलाब हवा.

बेकरीवाल्याने १४,२०० रुपये घेतले. गुलाब एकच, वरच्या मजल्यावर, किंचित डावीकडे. तबकाभोवती आमच्याच वाडीतला मोगरा. त्या संध्याकाळी उकाडा होता, पण आयसिंग हलले नाही. सुरी आत शिरेना, तेव्हा जावईबापूंनी दोन्ही हातांनी जोर दिला आणि मांडवात हशा पिकला. वड्या सर्वांना पुरल्या. सात उरल्या, त्या बॅण्डवाल्यांना गेल्या. गुलाब कोणाला खाऊ न देता ताईने काचेच्या बरणीत घालून सासरी नेला.