इंजिनचा कॉम्प्युटर बदलल्यावर गाडीचे आयडल कसे बसवावे?



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील अनेक वस्त्या आणि तांडे निम्मे रिकामे होतात. धडधाकट माणसे ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. अशा दिवसांत रात्री कोणाचे दुखणे वाढले आणि १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर असली, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचवायला जवळची एखादी गाडीच कामाला येते. आमच्या कामाच्या गाडीची देखभाल मी पाहतो. म्हणून या वेळी एका साध्या, पण पुष्कळांना चकवणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करू.

पावसाळ्यात आमच्या पेट्रोल व्हॅनचा इंजिन कॉम्प्युटर पाणी शिरून निकामी झाला. गॅरेजमध्ये याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. नवा बसवला, गाडी सुरू झाली. पण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरून बंद पडे. बघणारे म्हणू लागले, “नवा पार्टच खराब निघाला, परत करा.” पार्ट चांगला होता. त्याचे शिकणे तेवढे बाकी होते.

आयडल म्हणजे काय?

गाडी उभी आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन संथ चालू राहते, त्याला आयडल म्हणतात. पुष्कळशा पेट्रोल गाड्यांत इंजिन गरम झाल्यावर ते मिनिटाला साधारण ७०० ते ८५० फेऱ्यांवर स्थिर राहते. एवढे चालण्यासाठी इंजिनला थोडी हवा लागते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्बुरेटर होता. स्क्रू फिरवला की आयडल कमी-जास्त होई. आताच्या गाड्यांत ही हवा कॉम्प्युटर मोजून देतो. काही गाड्यांत त्यासाठी छोटा व्हॉल्व्ह असतो, तर काहींत थ्रॉटलची झडपच मोटरने किंचित उघडली जाते.

वर्षानुवर्षे थ्रॉटलच्या झडपेवर काजळी साचते आणि तेवढ्याच फटीतून हवा कमी जाते. जुना कॉम्प्युटर हे ओळखून झडप थोडी जास्त उघडतो आणि ते माप लक्षात ठेवतो. नव्या कॉम्प्युटरजवळ फक्त कारखान्यातले माप असते, म्हणजे स्वच्छ झडपेचे. काजळी असलेल्या झडपेवर ते माप अपुरे पडते आणि इंजिन बंद पडते. उलट, जुना कॉम्प्युटर तसाच ठेवून थ्रॉटल साफ केला, तर आयडल काही काळ वाढलेले राहते. काही गाड्यांत बॅटरी काढली तरी शिकलेले पुसले जाते.

घाटात याचे महत्त्व

मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात उतारावर इंजिन बंद पडले, तर स्टीअरिंग जड होऊ शकते. ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरताच जोर उरतो. पुढे पेडल दगडासारखे घट्ट लागते. असे झाल्यास ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये, एकदाच घट्ट दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी. आयडल नीट बसेपर्यंत त्या गाडीत रुग्ण किंवा मुले बसवू नयेत.

शिकवण्याआधी पाहावयाच्या गोष्टी

१. नव्या कॉम्प्युटरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळतो का? गाडीला इमोबिलायझर असेल तर किल्लीची ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते. ती झाली नसेल तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा दोन सेकंदांत बंद होते. हा आयडलचा दोष नव्हे.

२. बॅटरी चांगली भरलेली आहे का? इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट असावेत.

३. थ्रॉटल बॉडी साफ करावी. किल्ली बंद असतानाच क्लीनर कापडावर घेऊन काजळी पुसावी. मोटरवर चालणारी झडप बोटाने जोरात ढकलू नये.

४. हवेचे रबरी पाइप तडकलेले नाहीत ना? फुसफुस आवाज येत असेल तर आधी तो बंद करावा.

५. चेक लाइट लागलेली असेल तर स्कॅनरने दोष वाचून तो दूर करावा.

शिकवण्याची रीत

गाडी मोकळ्या जागी उभी करावी. बंद शेडमध्ये हे करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, दिवे, पंखा, एसी बंद करावे. किल्ली ‘ऑन’ करून साधारण अर्धा मिनिट थांबावे, मग बंद करून दहा सेकंद थांबावे. त्यानंतर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता इंजिन सुरू करावे. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत ते गरम होऊ द्यावे आणि पुढे पाचदहा मिनिटे तसेच आयडलवर ठेवावे. मग एसी लावून आणखी काही मिनिटे. शेवटी सपाट रस्त्यावर, मधूनमधून थांबत, पंधरावीस मिनिटे चालवावी.

ही सर्वसाधारण रीत झाली. कंपनीप्रमाणे फरक असतो. होंडाच्या अनेक गाड्यांत एसी-दिवे बंद ठेवून, पंखा फिरेपर्यंत इंजिन ३,००० फेऱ्यांवर धरतात आणि मग सुमारे पाच मिनिटे आयडलवर सोडतात. निसानच्या अनेक गाड्यांत पेडल ठरावीक सेकंदांच्या हिशेबाने दाबावे लागते, किंवा काम स्कॅनरवर होते. म्हणून आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील रीत आधी पाहावी. कॉमन रेल डिझेल जीपचे गणित वेगळे आहे. तिथे आयडल डिझेलच्या मापावर चालते, आणि पुष्कळ गाड्यांत नव्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो.

आमच्या व्हॅनला थ्रॉटलची सफाई आणि सुमारे तासभराचा वेळ लागला. दुसरा पार्ट घ्यावा लागला नाही.

एक गोष्ट करू नये

थ्रॉटल बॉडीवर एक छोटा स्क्रू दिसतो. जुन्या सवयीने कोणी तो फिरवून आयडल वाढवायला जाते. तो झडप पूर्ण मिटण्याची जागा ठरवतो आणि कारखान्यातच बसवलेला असतो. तो हलवला की कॉम्प्युटरला ‘बंद’ म्हणजे कुठे, हेच कळेनासे होते आणि पुढे प्रत्येक दुरुस्ती अवघड होते. आज आयडल वर आल्यासारखे वाटते, महिन्याभराने गाडी पुन्हा घोटाळा करते.

आपल्यापैकी कोणाची गाडी सेवेच्या कामात असेल आणि मेकॅनिक म्हणाला, “एक तास गाडी नुसती चालू ठेवावी लागेल,” तर तो वेळकाढूपणा समजू नये. स्कॅनरचे भाडे मागितले तरी ते दुसऱ्या कॉम्प्युटरच्या किमतीपुढे थोडेच असते.

उजळणीसाठी प्रश्न (चालकासोबत बसून पाहावेत)

१. नव्या कॉम्प्युटरवर इंजिन आयडलला का बंद पडते?
२. शिकवण्याआधी कोणत्या पाच गोष्टी पाहाव्यात?
३. उतारावर इंजिन बंद पडल्यास ब्रेक कसा वापरावा?
४. आपल्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल कोणाकडे मिळेल?