मनाची जखम आणि डोळ्यांची हालचाल



खेळताना गुडघा फुटला, की तुम्ही न लाजता एम.आय. रूम गाठता. मनाला लागले, तर मात्र कोणाला सांगत नाही. मीही सांगितले नव्हते.

नोकरीत असताना डोंगरातल्या एका वळणावर आमची गाडी दरीत घसरली. मी वाचलो, शेजारचा सहकारी वाचला नाही. खिडकीजवळची जागा मीच त्याला दिली होती. पुढे कित्येक महिने डिझेलचा वास आला, की छाती धडधडायची. झोपेत तेच वळण दिसायचे. मी घाटाचा प्रवास टाळू लागलो, घरात विनाकारण चिडू लागलो.

याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या अशा त्रासाला 'शेल शॉक' म्हणत. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. त्या काळी अनेकांनी त्याला भित्रेपणा ठरवले. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या विकाराला आजचे नाव देऊन आपल्या रोगसूचीत घेतले.

त्यावरील एक उपचार म्हणजे ई.एम.डी.आर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो १९८७ साली एका बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आले, की डोळे इकडून तिकडे हलत असताना मनातल्या त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यांनी यावर काम करून १९८९ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या उपचारांमध्ये या पद्धतीची शिफारस केली.

उपचाराचे आठ टप्पे असतात. आधी पूर्वेतिहास विचारतात आणि मन शांत करण्याचे उपाय शिकवतात. लगेच जखमेला हात घालत नाहीत. मग त्या प्रसंगातले सर्वांत छळणारे दृश्य निवडायचे, त्याला चिकटलेला स्वतःबद्दलचा विचार सांगायचा आणि त्रासाला ० ते १० पैकी आकडा द्यायचा. माझा विचार होता, 'तो माझ्यामुळे गेला.' आकडा ९.

नंतर ते दृश्य मनात धरून, डोके न हलवता, उपचारकांच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांमागे नजर न्यायची. साधारण अर्ध्या मिनिटाने थांबायचे, श्वास घ्यायचा, मनात काय आले ते थोडक्यात सांगायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आकडा खाली आला, की नवा विचार पक्का करतात. शरीरात कुठे ताण उरला आहे का, तेही तपासतात. प्रत्येक बैठक मन स्थिर करूनच संपवतात आणि पुढच्या वेळी आधीचा आढावा घेतात.

हे कसे घडते? एक प्रयोग करा. १७ चा पाढा म्हणत म्हणत कालचे जेवणाचे ताट डोळ्यांसमोर आणा. चित्र पुसट होते, कारण एका वेळी मनाच्या पाटीवर थोडेच मावते. नजर हलवण्यातही पाटीची जागा खर्च होते, म्हणून आठवण फिकट होते आणि तशीच पुन्हा साठवली जाते, असे एक स्पष्टीकरण आहे. डोळ्यांच्या हालचालीचा वाटा किती आणि सुरक्षित वातावरणात आठवणीला सामोरे जाण्याचा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

आठवण मात्र पुसली जात नाही. तो सहकारी मला आजही आठवतो. पण आता त्याच्यासोबत प्यालेला चहाही आठवतो. पूर्वी फक्त दरी आठवायची. 'जागा देताना पुढचे मला ठाऊक नव्हते,' हे मी आता मनापासून मानतो.

एक इशारा. व्हिडिओ पाहून हा प्रयोग स्वतःवर किंवा मित्रावर करू नका. उघडलेली जखम बांधायला प्रशिक्षित माणूस हवा. तुमचा बडी रात्री दचकून उठत असेल, एकटा राहत असेल, तर खोदून विचारू नका. त्याच्याजवळ बसा, तो बोलेल ते ऐका आणि हाऊसमास्तरांना किंवा समुपदेशकांना सांगा. ही चुगली नव्हे. पालकांनीही सुट्टीत मुलाचे असे बदल दिसल्यास 'सैनिक होणार ना तू?' असे म्हणून त्याला गप्प करू नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो.

मी मदत मागायला दोन वर्षे लावली. तुम्ही लावू नका.