चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं?

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. दिवाळीच्या सुट्टीत घाटावर गेलो तर नावाड्या काकांनी हातावर एक तुटका बोल्ट ठेवला. "बाबू, तू इंजिनिअरिंग शिकून रायला ना? मंग सांग, स्टीलचा बोल्ट गंजते कसा?"

बोल्ट नावेच्या दोराच्या कडीचा होता. दोन पावसाळे टिकला. नशीब की काठावर बांधताना तुटला. याच नावेतून शाळेची पोरं जातात. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं होतं, चिकटलं नाही म्हणून काकांनी विश्वास ठेवला. खरं सांगतो, मीही ठेवला असता.

मित्रांनो, इथेच गफलत आहे. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०० मालिकेत ते कमी करून मँगनीज घालतात. चुंबक दोन्हींना चिकटत नाही! उलट ३०४ चा बोल्ट थंड अवस्थेत ठोकून घडवलेला असल्याने कधी कधी किंचित चिकटतो. म्हणजे ही परीक्षा चांगला माल नापास करू शकते आणि हलका पास. त्यापेक्षा बोल्टच्या डोक्यावर बघावं. ए२-७० म्हणजे ३०४ च्या जातीचा, ताणशक्ती ७०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. ए४ म्हणजे ३१६. शंका असेल तर मँगनीज ओळखणारं द्रावण मिळतं, थेंब टाकून रंग बघायचा.

मग सरळ ३१६ च का घेऊ नये? त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडशी लढायला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, मालवणच्या होडीला ३१६ हवंच. आपल्या नदीचं पाणी गोडं. इथे ३१६ वर पैसे घालणं मला तरी उधळपट्टी वाटते.

पण ३०४ आणलं म्हणजे झालं असंही नाही. काकांचा बोल्ट डोक्याशी चकचकीत होता, तुटला तो लाकडाच्या आत. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडाच्या भोकात गाळाचं पाणी साचून राहतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, आणि बोल्ट आतल्या आत खात जातो. म्हणून भोक बोल्टच्या मापाचंच पाडावं, बसवताना आत सीलंट भरावं. वायसरही त्याच ग्रेडचा, मोठा. लोखंडी वायसर लावला तर आधी तो गंजतो आणि बोल्ट ढिला होतो.

नवीन बोल्ट आम्ही दोघांनी बसवले. पहिलाच नट अर्ध्यात जाम झाला. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांत रुततात, हे परीक्षेत लिहून आलो होतो तरी ग्रीस लावायचं विसरलो! बोल्ट कापावा लागला. काका हसले, काही बोलले नाहीत. दुसऱ्याला त्यांनीच ग्रीस लावलं.

दर वर्षी पावसाळ्याआधी एक बोल्ट काढून आतून बघायचा, असं आमचं ठरलं आहे.